आधी झाकण उघडू

मानोऱ्यात गेमिंगचं मशीन दुरुस्तीला आणणारा पोरगा निदान घरूनच करून येतो. "भाऊ, ग्राफिक कार्ड बदलाचं हाये. कोनतं टाकू?" यूट्यूब पाहून त्याचं ठरलेलं असतं, आता फक्त माझा होकार हवा असतो. मी कार्डाचा विषयच काढत नाही. गेम कोणता, मॉनिटर कोणता आणि गेम अडकतो म्हणजे नक्की काय होतं, एवढं आधी विचारून घेतो. पहिल्या मिनिटापासून संथ चालतो, की छान चालता चालता मधेच झटके देतो, की अर्ध्या तासानं मंदावतो? तक्रार सगळ्यांची सारखीच असते, दोष मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या भागात निघतो.

आमच्याकडची बरीच मशीनं जन्मानं गेमिंगची नसतातच. मोठ्या शहरातल्या कंपन्यांनी मोडीत काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स नाहीतर एचपीचे ऑफिसचे डबे फिरत फिरत इथवर येतात. आत चौथ्या पिढीचा आय५-४५७०, म्हणजे २०१३ सालचा प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि घरघरणारी हार्ड डिस्क. त्यात मागाहून कुणीतरी जीटीएक्स १०५० टीआय बसवलेलं. हे कार्ड २०१६ चं. त्याचं ७५ वॉटमध्ये भागतं, त्यामुळे वेगळी पॉवरची वायर न लावता ते बोर्डाच्या स्लॉटवरच चालतं. या एका गुणावर ते अजून गावोगाव तग धरून आहे.

झाकण उघडलं की निम्मी गोष्ट तिथंच कळते. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की बारीक भुसा हवेत उडतो आणि घरातल्या प्रत्येक पंख्यात शिरतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्याचा जाड थर बसतो. वरून पाहिलं तर पंखा मजेत फिरत असतो, पण हवा खाली पोचतच नाही. ब्लोअर मारताना मी पंख्याला बोटानं धरून ठेवतो, नाहीतर झोतानं तो भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग कामातून जातं. हीटसिंक उचलला की जुनी पेस्ट कोरडी पडून पापुद्र्यानं सुटते. ती पुसायची आणि वाटाण्याएवढी नवीन लावायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिशी ओलांडतो. अशा वेळी शंभर अंशांपर्यंत तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. अर्ध्या तासानं मंदावणारं मशीन बहुतेक वेळा इथंच बरं होतं. पोराचं तोंड मात्र उतरतं, कारण नवीन काहीच घ्यावं लागत नाही.

त्यानंतरही रड राहिली, तर कोणता भाग कोणासाठी थांबतोय ते पाहायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसर आणि कार्ड किती टक्के राबतायत ते आकडे लावायचे, गेम चालू करायचा आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम वाढले, तर कार्ड दमलेलं होतं. नाही वाढले, तर कार्ड रिकामं बसलं होतं आणि प्रोसेसरची दमछाक चालली होती. एकाच मशीनवर दोन गेम दोन वेगळी उत्तरं देतात. २०१५ चा जीटीए ५ सेटिंग वाढवली की कार्डाला घाम फोडतो. २०२३ चा काउंटर-स्ट्राइक २ सेटिंग खाली ओढूनही धुमश्चक्रीत अडखळतो, कारण तिथं चार कोरचा जुना प्रोसेसर पुरा पडत नाही. हे सगळं समजावून सांगत होतो, तेव्हा एका पोराचे वडील मागून म्हणाले, "म्हंजे विहिरीवर मोटर पाच एचपीची अन् पाइप इंचाचा. पानी येईन कुठून?" तेव्हापासून मी हेच वाक्य वापरतो.

खर्च कशावर करावा, याबाबत माझं मत ठाम आहे: पुढच्या मशीनमध्ये सोबत जाईल तो भाग आधी. डीडीआर३ रॅम त्या बोर्डासोबतच संपते, नव्या बोर्डात ती बसतच नाही. त्याच सॉकेटमधला जुना आय७-४७७० स्वस्तात मिळाला तर धागे चाराचे आठ होतात आणि झटके कमी होतात, हे खरं. पण त्यासाठी खिसा रिकामा करू नये. चांगला एसएमपीएस मात्र दहा वर्षं सोबत येतो, आणि नेमकं त्याचंच नाव कोणी घेत नाही.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५० वॉट' छापलेलं असतं. मी पोराला खालची बारीक ओळ वाचायला लावतो. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलेलं निघतं. गुणाकार त्यालाच करू देतो: १६८ वॉट. आणि हा निघालेला असतो आरएक्स ५८० घ्यायला, जे कार्ड एकटंच १८५ वॉट मागतं. त्यात आमची लाइन. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं, मग लाइट जाते, आणि परत येते ती झटका देतच. यूपीएसवरच्या '६०० व्हीए'चे हाती येणारे वॉट साधारण ३६०च. डेलच्या त्या काळच्या काही बोर्डांना चोवीसऐवजी आठ पिनांचं कनेक्टर असतं, त्यामुळे साधा एसएमपीएस लावायला मधे कन्व्हर्टर वायर घालावी लागते. आणि डबा जर बारक्या आकाराचा असेल, तर पूर्ण उंचीचं कार्ड आत मावतच नाही. ही मोजमापं करायची सोडून कार्ड मागवणाऱ्यांची पार्सलं मी परत जाताना पाहिली आहेत.

ते आरएक्स ५८० स्वस्त का, हेही सांगावं लागतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात आली. त्यातली सगळी वाईट नसतात. पण २०४८ कोरची वेगळी आवृत्ती ५८० म्हणूनच खपवली जाते. अस्सल कार्डात २३०४ कोर असतात. पैसे देण्याआधी जीपीयू-झेडमध्ये आकडा पाहून घ्यावा.

मग १०५० टीआय किती दिवस चालवायचं? गेमसाठी नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं त्या पिढीपुरतं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. त्याच महिन्याच्या १४ तारखेला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. थोडक्यात, या डब्याचं वय आता बाहेरचेच लोक ठरवतायत. तरी आज सगळं बदला असं मी म्हणत नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे भडकले की नवा बोर्ड परवडला तरी त्यात घालायची रॅम परवडेना.

त्या विहिरीवाल्या काकांच्या पोराला मी एसएसडी आणि चांगला एसएमपीएस दिला, कार्ड आहे तेच ठेवलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम तुरीचे पैसे आल्यावर पाहू, असं ठरलं. तेव्हा एसएसडी नव्यात न्यायची आणि जुन्या डब्यात हार्ड डिस्क परत लावून तो बहिणीला एमएस-सीआयटीच्या सरावाला द्यायचा. बहीण तिथंच उभी होती. "मंग भंगार माह्या वाट्याले काहून?" तिनं विचारलं.

तिचा मुद्दा हिशेबातही बसत होता. नव्या बोर्डाला एम.२ स्लॉट असणार, त्यात वेगळी, जास्त वेगाची एसएसडी बसेल. जुन्या डब्यात हार्ड डिस्क घातली, तर तो सुरू होईपर्यंत क्लासची वेळ व्हायची. एसएसडी जुन्यातच राहील, असं मी कागदावर लिहून दिलं. भाऊ कुरकुरला. काकांनी कागद घडी करून खिशात घातला.