ओल

श्रावण हा कवींचा महिना असेल. आमच्या नौपाड्यात तो बुरशीचा महिना आहे. ठाण्याला वर्षाकाठी 100 इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या भिंतीच पितात की काय, असे वाटते. चपला हिरव्या होतात, हार्मोनियमच्या भात्याला कुबट वास येतो आणि माझ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर भस्माचे पट्टे ओढल्यासारखी पांढरी बुरशी उमटते. 1893 सालचे मराठी ग्रंथ संग्रहालय ह्याच गावात इतके पावसाळे पुस्तके सांभाळून आहे, ह्याचे मला फार कौतुक वाटते.

बुरशीवर माझा राग नाही. तिच्याच कुळातली एक 1928 साली लंडनमध्ये फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत उगवली आणि तिच्यापासून पेनिसिलिन झाले. 1954 साली सरकारने त्यासाठी आपल्या पिंपरीला कारखाना काढला. माझी तक्रार आहे ती बुरशी पाहून माणसे जो निकाल देतात त्याविषयी. भिंत काळी पडली की पहिला शब्द निघतो तो ‘घाण’, आणि घाण म्हटली की ती घरातल्या बाईच्या नावावर! आमच्या खालच्या मजल्यावरची सून तीन पावसाळे हे ऐकत आली. “चाळीत राहिलो आम्ही, पण भिंतीची अशी दशा नाही कधी झाली,” असे सासूबाई म्हणत. बिचारी दर रविवारी कोरडा ब्रश घेऊन भिंत खरवडत बसे.

सासूबाईंचे म्हणणे तसे खोटे नव्हते. चाळीतल्या भिंतींना दर दिवाळीपूर्वी चुन्याची सफेदी होई. ती लक्ष्मीसाठी, असे आपण समजतो; पण चुना जहाल, त्यावर बुरशीला सहजी पाय रोवता येत नाहीत. कौले गळत, पण वारा खेळता असे, त्यामुळे भिजलेले वाळे. आता खिडक्यांना काचा, धुणे आत दोरीवर, न्हाणीघराची वाफ घरात, कपाट भिंतीला चिकटलेले आणि भिंतीवर ओल आत कोंडून ठेवणारा चकचकीत रंग! बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, अगदी राजवाड्यातसुद्धा. त्यांना हवी असते ती ओल. ती मिळाली की एक-दोन दिवसांत त्यांचा संसार सुरू.

त्या सुनेचा मुलगा माझ्या वर्गात आहे. ऑगस्ट आला की हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते. छाती वाजते, रात्री उठून बसतो. वह्या द्यायला गेलो तेव्हा पाहिले, त्याची खाट नेमकी त्याच भिंतीला टेकलेली. कोरडे खरवडले की बीजाणू खोलीभर उडतात. बुरशी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, नाकातोंडावर मास्क बांधून, खिडक्या उघड्या टाकून पुसायची असते, आणि दमेकरी माणसाला तेवढा वेळ बाहेर पाठवायचे असते. वरून रंग फासूनही भागत नाही. मेलेली बुरशीसुद्धा छातीला त्रास देते. हे सारे मी सांगितले आणि आधी खाट हलवायला लावली.

मग डाग नीट पाहिला. तो जमिनीकडून चढत नव्हता, छताच्या कोपऱ्यातून उतरत होता. वरच्या बिऱ्हाडाची मोरी तिथेच. “पावसाचं पाणी असेल, सर,” वरच्यांनी हात झटकले. मी वाद घातला नाही. पाऊस संपल्यावर डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. पंधरा दिवस ऑक्टोबरचे ऊन रणरणत होते. डाग रेघ ओलांडून दोन बोटे खाली आला.

मोरीच्या जाळीखालचा सांधा फुटलेला निघाला. तो दुरुस्त झाला. गिलावा पुरता वाळेपर्यंत रंगाला हात लावू नका, असे मी बजावून ठेवले आहे. सासूबाई चष्मा लावून त्या रेघेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग सुनेला म्हणाल्या, “तो ब्रश टाकून दे गं आता.”