ओझं कुठं ठेवणार?

जुनी पोलादी टूरिंग सायकल समोर आली की लोक आधी रंग बघतात, मी ओळंबा काढतो. सायकल सरळ उभी करून पुढच्या चाकाच्या आसापासून तो खाली सोडायचा आणि जमिनीवर खडूची खूण करायची. मग हँडल ज्या नळीत फिरतं त्या हेडट्यूबच्या शेजारी, तिच्याच तिरक्या रेषेत लाकडी पट्टी धरायची. ती जमिनीला टेकते तिथं दुसरी खूण. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. हँडल हातात कसं वागणार, याचा निम्मा निकाल इथंच लागतो.

रेनॉल्ड्स 531 नळ्यांची, 27 इंची चाकांची, सत्तरच्या दशकातली इंग्रजी फ्रेम घ्या. हेडट्यूबचा जमिनीशी कोन 72 अंश, पुढच्या चिमट्याचा बाक (चाकाचा आस हेडट्यूबच्या रेषेपुढं असतो ते अंतर) 50 मिलिमीटरच्या आसपास, ट्रेल साधारण 60. पॅरिसला खेटून असलेल्या लव्हालुआ-पेरेत रेने एर्स आणि अलेक्स सिंगर ज्या सायकली बांधत, त्या धाटणीत कोन 73, बाक 65 आणि ट्रेल जेमतेम 35.

यातलं बरोबर कोण? दोघंही. इंग्रज सामान सीटमागच्या पिशवीत टाकायचा. पुढचं चाक हलकं, म्हणून ते आपणहून सरळ येणारं हवं, म्हणजे ट्रेल जास्त. फ्रेंच माणूस नकाशा, डबा, स्वेटर सगळं हँडलपुढच्या बॅगेत ठेवायचा. त्या वजनानंच चाक शांत राहतं, म्हणून कमी ट्रेल पुरतो. अदलाबदल करा, मग गंमत बघा. इंग्रजी फ्रेमला पुढं जड बॅग लावून दिवे घाट चढा: वेग उतरला की चाक एका बाजूला कलंडायला बघतं आणि दंड भरून येतात. फ्रेंच धाटणीची सायकल रिकामी पळवा आणि हात सोडा: ती रस्ताभर भटकेल.

आता धातूकडे. ‘पोलाद मऊ चालतं’ हे मी रोज ऐकतो. पण त्रिकोणांनी बांधलेली फ्रेम वरून खाली दबतच नाही म्हटलं तरी चालेल. तो मऊपणा बहुतेक टायरचा. 28 मिलिमीटरऐवजी 38चे टायर कमी हवेवर चालवून बघा. पोलाद जाणवतं ते आडवं. या नळ्या टोकांना जाड, मध्ये पातळ असतात. मागच्या कॅरिअरवर भरलेल्या बॅगा घेऊन पायडलवर उभं राहिलात की सायकल कमरेतून डुलते. मागचं चाक रेसिंग सायकलीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर मागं असतं, त्यामुळे टाच बॅगेला लागत नाही. पण तेवढं वजनही मागं जातं, आणि नळ्या फार पातळ असल्या तर उतारावर हँडल थरथरतं.

तरुण पोरं विचारतात, “काका, यातली चांगली कुठली?” मी उलट विचारतो, सायकलीवर तंबू कुठं बांधणार? बहुतेकांनी तोवर फ्रेम घेऊन टाकलेली असते आणि बॅगांचा विचार नंतर. आधी बॅगा भरा, त्या कुठं लटकवायच्या ते ठरवा, आणि मग ओळंबा घेऊन फ्रेम शोधायला निघा.