मासा केवढा होता?

बंडगार्डनच्या जुन्या दगडी पुलाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना एक विनंती आहे. पुलावर घटकाभर थांबा आणि नदी वाहत जाते त्या दिशेला, पूर्वेकडे पाहा. संगमाशी एकत्र आलेल्या मुळा आणि मुठा येथून भीमेच्या भेटीला निघतात. पाण्यावर जलपर्णी पसरलेली असेल, वासही सुखद नसेल. तरीही या प्रवाहाचे नाव जगाच्या मत्स्यशास्त्रात कायमचे नोंदले गेले आहे.

ते नोंदवले कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी. मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यासाठी नेमलेला हा लष्करी अधिकारी होता. पिके, पाऊस, पक्षी, माणसे अशी प्रत्येक गोष्ट मोजण्याची त्यांना हौस होती. १८३९ साली त्यांनी दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि नावे देताना येथल्या कोळ्यांच्या तोंडचे शब्दच लॅटिन साच्यात बसवले. पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतल्या महाशीराला त्यांनी ‘खुदरी’ म्हटले, तर शिरूरजवळच्या घोड नदीतील एका मोठ्या माशाला ‘मुसुल्ला’. मात्र या दोन्ही जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. शब्दांतले वर्णन तेवढे मागे राहिले, आणि पुढचा सारा वाद त्यातूनच उभा राहिला.

महाशीर हा गळाने मासे पकडणाऱ्यांचा फार मानाचा मासा. दक्षिणेत कावेरी आणि तिच्या उपनद्यांत त्याचे प्रचंड नमुने सापडत. १९१९ साली कावेरीत रिव्हेट-कार्नाक यांनी ११९ पौंडांचा महाशीर पकडल्याची नोंद आहे. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा पकडला. दोन विक्रमांत अंतर एका पौंडाचे, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. गळाच्या मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत मात्र कावेरीतच १९८४ साली पकडलेला सुमारे ४३ किलोंचा महाशीर आहे. या संस्थेचा नियम कडक आहे: मासा जमिनीवर, प्रमाणित काट्यावर तोलला गेला पाहिजे. हेलकावे खाणाऱ्या होडीत केलेले वजन तेथे चालत नाही.

असे वाद आपल्याकडेच होतात असे समजू नका. अमेरिकेत मस्केलंज नावाच्या गोड्या पाण्यातील माशावरून गेली कित्येक दशके भांडण चालू आहे. १९५७ सालचा एक विक्रम १९९२ साली रद्द झाला. त्यानंतर १९४९ सालच्या दोन माशांपैकी एका संस्थेने एक खरा मानला, तर दुसऱ्या संस्थेने दुसरा. त्यांतला एक मासा पेंढा भरून ठेवलेला होता, पण तो आगीत जळाला. उरली ती छायाचित्रे. छायाचित्रावरून माशाची लांबी किती निघते, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही.

महाशीराच्या बाबतीत गुंता वजनापुरता राहिला नाही. मुळात हा मासा कोणता, हाच प्रश्न होता. कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेल्या त्या महाकाय महाशीराला विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी सायक्स यांचा ‘मुसुल्ला’ ठरवले. म्हणजे विक्रमी मासा कावेरीचा आणि नाव आपल्या शिरूरच्या घोड नदीचे! पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की सायक्स यांचा मुसुल्ला हा महाशीरच नव्हे. तो वेगळ्या प्रजातीतला मासा आहे. अखेर २०१८ साली कावेरीच्या माशाची शास्त्रीय ओळख पटली: ‘टॉर रेमादेवी’. ओळख पटली त्याच सुमारास त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

या कथेत पुण्याचा आणखी एक धागा आहे, आणि तो अभिमानाइतकाच खेदाचाही आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने खुदरी महाशीराची पैदास यशस्वी केली. तेथील पिले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत हा पाहुणा फोफावला आणि घरचा मासा मागे पडला.

हे कळले कसे? कर्नाटकात कावेरीकाठी गालिबोरे येथे मासे पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींचा तळ होता. तेथे पकडलेल्या माशांची साधी नोंद ठेवली जाई: जात कोणती, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी संशोधकांनी एकत्र मांडल्या. मूळ महाशीर वर्षागणिक कमी संख्येने सापडत होता, पण सापडणाऱ्या प्रत्येक माशाचे वजन वाढत चालले होते. वरवर पाहता आनंदाची गोष्ट! अर्थ मात्र उलटा होता. नवी पिले तयार होत नव्हती. उरले होते ते केवळ वयोवृद्ध मासे. मोठा मासा दिसला म्हणजे नदी निरोगी आहे, हा समज त्या रोजच्या नोंदींनी खोटा ठरवला.

वाचकहो, दवाखान्यात बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. वजन वाढले म्हणजे प्रकृती सुधारली, असे अनेक घरांत मानले जाते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ते मांस नव्हे, शरीरात साठलेले पाणी असण्याची शक्यता अधिक. पायांवर सूज येणे, आडवे झाल्यावर धाप लागणे ही लक्षणे सोबत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. उलट, प्रयत्नाविना साठ किलोंच्या व्यक्तीचे वजन सहा ते बारा महिन्यांत तीन किलोंनी घटले, तर ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नये.

मापनाचे नियम माशाला आणि माणसाला सारखेच. काटा तोच असावा आणि कठीण, सपाट फरशीवर ठेवावा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावे. रक्तदाब घेताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. एखाद्या दिवशीचा मोठा आकडा हा विक्रमी माशासारखा असतो. तो लक्ष वेधतो, घाबरवतो, पण सारे काही सांगत नाही. सात दिवसांची सकाळ-संध्याकाळची वही डॉक्टरांना अधिक सांगते. मात्र छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशी लक्षणे असतील, तर वहीची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्यातील पुष्कळ घरांत मुठेतल्या माशांची आठवण सांगणारे आजोबा असतील. पानशेतच्या पुरापूर्वी नदी कशी होती, मासा केवढा होता, हे दाखवताना त्यांचे दोन्ही हात दर वेळी थोडे अधिक फाकतात. तो विस्मृतीचा आजार नव्हे. गोष्ट सांगण्याचा आनंद आहे. तेथे तराजू आणू नका. घाट कोणता, सोबत कोण होते, घरी आईने काय केले, असे विचारा. चिंता करायची ती नेहमीचा रस्ता चुकू लागला, सकाळी घेतलेले औषध पुन्हा घेतले जाऊ लागले, तर.

त्यांच्या आठवणींना आधारही आहे. फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली होती. त्यानंतर वेळोवेळी झालेल्या पाहण्यांत शहराच्या पात्रातून कितीतरी जाती नाहीशा झालेल्या आढळल्या. नदी खरोखरच भरलेली होती.

म्हणून थंडीच्या एखाद्या कोवळ्या सकाळी आजोबांना किंवा आजींना नदीकाठी घेऊन जा. घसरणार नाही अशी पादत्राणे, काठी, पाण्याची बाटली आणि मधुमेह असेल तर थोडा खाऊ सोबत ठेवा. शहराच्या पात्रातले मासे मात्र खाऊ नका; सांडपाणी तेथेच मिसळते. घरी परतल्यावर त्यांनी सांगितलेले चार शब्द तारखेसह वहीत उतरवा, त्याच वहीत, जिच्यात त्यांचे वजन आणि रक्तदाब लिहिता. सायक्स यांचे मासे काळाच्या ओघात हरवले, लिहिलेले तेवढे टिकले.