घराला चांदीचा वर्ख

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सोलापूरहून सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला आले. वरच्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली, नवी गादी आणली, देवांसाठी कोपरा केला. आपण फार केलं असं वाटत होतं. जूनमध्ये एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला खाली उतरलो, तर बाबा स्वयंपाकघरातल्या फरशीवर सतरंजी टाकून झोपलेले!

"काही नाही रे, पाठीला फरशी बरी वाटते," ते म्हणाले.

सकाळी आईकडून कळलं, की पाठीचा काही संबंध नाही. वर उकडत होतं. एसी वाढवला तर मुलाला बिल येईल, म्हणून पंधरा दिवस दोघांनी तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता थर्मामीटर घेऊन फिरलो. खाली ७७ अंश फॅरनहाइट, त्यांच्या खोलीत ८५ आणि तिच्यावरच्या ॲटिकमध्ये १३६! इथे येऊन मेकॅनिकलमध्ये एम.एस. केलं, हीट ट्रान्सफरचे पेपर दिले, आणि स्वतःच्या आई-बापांच्या डोक्यावर भट्टी पेटलीय याचा पत्ता नाही.

ॲटिक म्हणजे आपला पोटमाळा. उन्हानं छपराची काळपट शिंगल्स तापतात, त्यांच्याखालची लाकडी फळी तापते आणि ती खाली उष्णतेचे किरण फेकत राहते. ते खालच्या फायबरग्लासच्या थरात मुरतात आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत झिरपतात. उपाय म्हणजे छपराच्या वाशांना आतून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, म्हणजे फॉइल, ठोकायचा. इंग्रजीत त्याला रेडियंट बॅरियर म्हणतात.

बाबा शिडी धरून खाली उभे. त्यांनी बरोबर विचारलं, "चकचकीत बाजू खाली कशी? ऊन तर वरून येतंय!"

मी दोन सारखी पातेली घेतली. एक घासून लख्ख केलं, दुसऱ्याला बाहेरून मेणबत्तीची काजळी धरली. दोन्हींत कढत पाणी ओतलं. अर्ध्या तासानं लख्ख पातेल्यातलं पाणी जास्त गरम होतं. चकचकीत धातू उष्णता परतवतो, तसाच स्वतःची उष्णता बाहेर सोडायलाही कंजूष असतो. लाकूड जितके किरण सोडतं, त्याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके फॉइल सोडतं. मात्र त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा हवी. कशाला चिकटलं की गुण गेला. आणि चकाकी वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते, म्हणून ती खाली.

"म्हणजे छपराला वर्ख," आई म्हणाली. मला एवढं सोपं सुचलं नसतं.

चार दिवस सकाळी सहा ते नऊ काम केलं. लांब बाह्या, मास्क, हातात स्टेपल गन. पाय फक्त तुळयांवर, नाहीतर थेट आईच्या देवघरात. फॉइल बारीक भोकांचं घेतलं, म्हणजे दमटपणा अडकत नाही. विजेच्या तारांपासून ते लांब ठेवलं. वळचणीची आणि आढ्याची हवेची भोकं उघडी ठेवली. नऊ वाजले की बाबा शिडीवर टकटक करत, "उतर आता. ऊन मला शिकवू नकोस." आमचं सोलापूरचं जुनं घर माळवदाचं, हातभर मातीचं. त्याच्यावर पत्रे आले तेव्हापासून त्यांचं उन्हाशी वैर.

काम झाल्यावर तशाच कडक दुपारी ॲटिकमध्ये ११९ आणि खोलीत ८१ भरलं. बिलात मात्र वीसेक डॉलरचाच फरक पडला. उष्ण प्रदेशात थंडाव्याच्या खर्चात पाच ते दहा टक्के बचत होते असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं, तेव्हा लॉटरी लागेल अशी आशा कुणी धरू नये.

"आता कसं वाटतं?" मी विचारलं.

"एकदम गार," बाबा म्हणाले.

पण आधीही ते "छान आहे"च म्हणत होते! म्हणून एक रात्र त्यांच्या खोलीत सतरंजी टाकून मीच झोपलो. पंखा लावल्यावर खरंच झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. ती मी घेतलेली नव्हती.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील पुढच्या उन्हाळ्यात येतील. फॉइल लावा, न लावा. पण ते यायच्या आधी त्यांच्या खोलीत एक रात्र झोपून बघा. ते सांगणार नाहीत.