ठळक अक्षरांतलं ‘पॉझिटिव्ह’

संपादकांनी बजावलंय, ‘आद्याक्षरांची जंत्री नको.’ पण आयजीजी आणि आयजीए या अँटिबॉडींतला फरक सांगितल्याशिवाय आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींचं पान हलत नाही. तेवढं सोसा.

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एक बाई फाइल घेऊन आल्या. कुठल्याशा ‘फुल बॉडी’ पॅकेजात ईबीव्ही (एप्स्टाइन-बार विषाणू) विरुद्धची आयजीजी ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह. मोबाइलवर शोधलं, नाकामागचा कॅन्सर निघाला, झोप उडाली. अहो, हा विषाणू १९६४ साली एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांनी बर्किट लिम्फोमाच्या पेशींत पाहिला खरा. पण जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो ठाण मांडून असतो. आयजीजी सांगते ते एवढंच. माझीही पॉझिटिव्हच येईल.

आयजीएची गोष्ट वेगळी. नाकामागच्या अस्तरात विषाणू पुन्हा हातपाय पसरू लागला की त्याच्या कवचाविरुद्धची आयजीए रक्तात वाढते, कधी कधी गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी. याच आधारावर संशोधक झेंग यी यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चीनच्या ग्वांगशी प्रांतात गावंच्या गावं तपासली. २०२३ साली चीनमधल्याच संशोधकांनी बीएनएलएफ२बी या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी पुढे आणली. (आद्याक्षरं आलीच!) निरोग्यांना निरोगी ठरवण्यात ती ९८.३ टक्के अचूक. तरी दक्षिण चीनमध्येसुद्धा पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊ जणांना कॅन्सर नव्हता. मुंबईत हा रोग वर्षाला लाखात एकालाही होत नाही. इथे लाखभर लोक तपासले तर सतराशे जणांना उगाच घाम फुटेल. हे गणित पॅकेज विकणाऱ्यांना कोणी सांगावं?

आता सुकट. ‘खारवलेल्या मासळीने कॅन्सर’ हा मेसेज दरवर्षी फिरतो आणि कोकणातले नातेवाईक मला फोन करतात. याच नाकामागच्या कॅन्सरबाबत हाँगकाँगच्या डॉ. जॉन हो यांचा खाऱ्या मासळीवरचा संशय पुढे खरा ठरला, पण ती मासळी कँटोनी पद्धतीची: मीठ लावण्याआधी थोडी सडू दिलेली, आणि अंगावरचं दूध सुटताना तान्ह्यांना पेजेतून भरवलेली. धोका दिसतो तो मुख्यतः बालपणीच्या खाण्यात. १९९३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीची खारी मासळी दोषी ठरवली. बाकीच्या खाऱ्या मासळीबद्दल पुरावा अपुरा म्हटलं. निर्दोष नव्हे, अपुरा. ही दुसरी ओळ कोणी वाचत नाही. आपले बोंबील तर बहुधा बिनमिठाचे, वलांडीवर कडकडीत वाळवलेले. तंबाखूचा धूर आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यावरचे आरोप मात्र पक्के आहेत. त्यांचा मेसेज फिरत नाही.

भारतात हा रोग खरा भेटतो नागालँडमध्ये. धुराने भरलेली स्वयंपाकघरं, चुलीवर टांगलेलं मांस यांच्यावर संशय आहे. आनुवंशिकतेचाही हात असावा. कोहिम्याचा, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण. मानेत गाठ, एका कानाला दडे. गाठ म्हणजे टीबी, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की महिनोन्‌महिने त्याच गोळ्या चालल्या. नाकात दुर्बीण घालायला पाच मिनिटं लागतात. ती घातली गेली फार उशिरा. तुकडा माझ्याकडे आला. पेशींत या विषाणूचा माग काढणाऱ्या ईबर चाचणीत पेशींची केंद्रकं ओळीने गडद रंगली होती, शंकेला जागाच नव्हती. लवकर सापडला तर हा रोग बहुतेकदा नुसत्या किरणोपचाराने आटोक्यात येतो. याला केमोही घ्यावी लागली.