सुकाणूची ढिलाई

आम्हा सोलापूरकरांची पाण्याशी ओळख सिद्धेश्वर तलावापुरती. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात गोव्यात, दोनापावला येथे, भाच्याची शिडाची कॅटामरान पाहताना मी विद्यार्थीच झालो होतो. हा शब्द मूळचा तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके.

दोन समांतर होड्या, म्हणून सुकाणूही दोन; आडव्या दांड्याने जोडलेली. भाच्याने पाती घट्ट धरली आणि मला मूठ हलवायला सांगितली. ती बोटभर सहज हलली. “मामा, दोष एका जागी नाही,” तो म्हणाला. खिळीचे छिद्र झिजलेले, पात्याची पकड सैल, आडदांड्याचे सांधे ढिले. प्रत्येक ठिकाणी केसभर फट. बेरीज मात्र बोटभर. त्याने छिद्रांत प्लास्टिकचे नवे बुश बसवले, सांधे एकेक करून आवळले, पण बेतानेच. सुकाणू अडखळू लागले, तरी होडी हाकता येत नाही.

बँकेत आम्ही दोन-चार रुपयांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवीत असू. घरी मात्र वाटणीनंतर थोरल्या बंधूंशी पडलेले अंतर मी कधी मोजलेच नव्हते. चुकवलेले एक लग्न, न केलेला एक फोन, सणाला धाडलेला कोरडा संदेश. प्रतिक्रमण रोजचे का, हे त्या दिवशी उमगले.

क्षमावाणीची वाट न पाहता, परतल्यावर थेट त्यांच्या दारी गेलो. “जय जिनेंद्र, अण्णा,” एवढेच म्हणालो. त्यांनी आत वळून दुसरे पान वाढायला सांगितले.