ढोल, पित्ताशय आणि एक ‘टू’

सिंगापूरला संध्याकाळच्या वर्गात मी चीनहून आलेल्या मंडळींना इंग्रजी शिकवते. ‘एन्करेज’ हे क्रियापद आलं की मला आधी ढोल आठवतो. चिनी भाषेत त्याला शब्द आहे ‘कूली’. रोमन लिपीत तो ‘जी’ने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘क’चा. (तोच ‘क’ जरा फुंकून ‘ख’ केला की ‘खूली’, म्हणजे हमाल! मराठी कानाचा हा फुकटचा फायदा.) त्यातला ‘कू’ म्हणजे ढोल. इसवी सनापूर्वी ६८४ साली छी राज्याच्या सैन्याने तीनदा ढोल बडवले, तरी त्साओ क्वे या सल्लागाराने समोरच्या लू राज्याच्या राजाला थोपवून धरलं. पहिल्या ढोलाला अंगात वारं शिरतं, दुसऱ्याला ओसरतं, तिसऱ्याला संपतं, असा त्याचा हिशेब. मग लूचा ढोल पहिल्यांदा वाजला आणि छीवाले पळाले. ढोल-ताशा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला हे वेगळं पटवावं लागत नाही.

इंग्रजी शब्दाच्या पोटात मात्र लॅटिन ‘कोर’, म्हणजे हृदय. चिनी धाडस राहतं पित्ताशयात. भित्र्याचं पित्ताशय लहान. आपलं पित्त खवळतं ते रागाने, धाडसाला लागतं वाघाचं काळीज. अवयवांचा हा बाजार फळ्यावर मांडला की दिवसभर राबून आलेल्यांचीही झोप उडते.

अडतं ते एवढ्याशा ‘टू’पाशी. चिनीत क्रियापदं नुसती एकापुढे एक ठेवली तरी भागतं, म्हणून वहीत हमखास ‘माय मदर एन्करेज मी स्टडी’. आपल्या ‘शिकायला’मधला शेवटचा ‘ला’ म्हणजेच हा ‘टू’, पण ते या वर्गात सांगून काय उपयोग? पूर्वी मी लाल पेनने सगळंच दुरुस्त करायचे. पुढच्या आठवड्यात वही कोरी यायची. आता एका वेळी एकच चूक, आधी ‘टू’.

परवा एका आचाऱ्याने लिहिलं, ‘बिअर एन्करेज्ड मी टू आस्क बॉस मोअर मनी.’ ‘टू’ जागच्या जागी! ‘फॉर’ राहिला होता, राहू दे म्हटलं. फक्त एवढं सांगितलं, की दारूने चढतं त्याला ‘एम्बोल्डन’ शोभेल. त्यात थोडं शेफारणंही येतं.

“मग, पगार वाढला?”

“बिअर संपली,” तो म्हणाला.